दारूबंदीच्या खटल्यात शिक्षा झाली. आता अपील कसं करायचं?

निकाल वाचून झाला की कोर्टातला पोलीस आरोपीच्या शेजारी येऊन उभा राहतो. आपला माणूस आज संध्याकाळच्या एसटीने आपल्याबरोबर घरी येईलच असं नाही, हे घरच्यांना तेव्हा कळतं. दारूविक्रीची केस आहे एवढं त्यांना ठाऊक असतं. पुढे काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. आणि सोबतच्या वकिलाला सनद मिळून जेमतेम वर्ष झालं असेल, तर त्यालाही ते नीट ठाऊक नसतं.

हा लेख त्या वकिलासाठी आहे. घरच्यांनाही समजेल असा लिहिला आहे, कारण अपिलातली अर्धी धावपळ त्यांनाच करावी लागते. विषय एकच: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम) खाली तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेली शिक्षा आणि त्यावर सत्र न्यायालयात करायचं अपील. परवान्याशिवाय दारू विकणं राज्यात कुठेही गुन्हाच आहे. पण वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. त्यामुळे आमच्या पूर्व विदर्भातल्या कोर्टांच्या बोर्डावर या केसेस रोज असतात, आणि माझी उदाहरणंही इकडचीच आहेत.

कलमांचे आकडे देताना आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चा आकडा आणि कंसात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा देते. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पण तुमच्या हातातली केस २०२१-२२ सालची असेल, तर निम्मे कागद जुन्या आकड्यांचे असतील. दोन्ही पाठ ठेवा.

निकालाच्या दिवशीच: शिक्षा थांबवून घ्या

अपील नंतर, आधी माणूस बाहेर ठेवा. कलम ४३० (३८९) च्या तिसऱ्या पोटकलमात सोय आहे. आरोपी खटल्यात जामिनावर असेल, शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल आणि त्याला अपील करायचं असेल, तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच कोर्ट अपील दाखल करून वरच्या कोर्टाचा आदेश आणण्यापुरती मुदत देऊन त्याला जामिनावर सोडतं. नाकारायचं असेल तर विशेष कारणं लागतात. म्हणून हा अर्ज निकालाच्या तारखेआधीच टाइप करून फाइलमध्ये ठेवा. पक्षकार निर्दोष सुटला तर कागद फाडून टाकता येतो.

अर्जासोबत काय लागेल हे घरच्यांना आदल्या दिवशीच सांगा: जामीनदार स्वतः हजर हवा, त्याचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला हवा, ओळखपत्र आणि फोटो हवेत, आणि दंडाची रक्कम रोख हवी. दंड सहसा त्याच दिवशी भरावा लागतो. पुढे निर्दोष सुटल्यास तो परत मागता येतो. माझ्या सुरुवातीच्या एका केसमध्ये आदेश दुपारीच मिळाला होता, पण जामीनदाराचा सातबारा गावी राहिला होता. त्या माणसाची रात्र कोठडीत गेली. कायदा मला येत होता, तयारी कमी पडली होती. तेव्हापासून निकालाच्या आदल्या दिवशी मी स्वतः फोन करून एकेक कागद विचारते.

शिक्षा ३ वर्षांहून जास्त असेल किंवा आरोपी आधीपासून आत असेल, तर ही वाट बंद. मग अपील दाखल करतानाच सत्र न्यायालयात शिक्षा स्थगितीचा अर्ज द्यायचा, त्याच कलमाच्या पहिल्या पोटकलमाखाली. थोड्या, ठरावीक मुदतीच्या शिक्षेत स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली भगवान रामा शिंदे गोसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात म्हटलं आहे. अपील ऐकायला येईपर्यंत शिक्षाच भोगून झाली, तर अपिलाला अर्थ उरत नाही. अर्जात हे साध्या शब्दांत लिहा.

अपील होतं का, ते तपासा

बहुतेक वेळा होतं. कलम ४१५ (३७४) प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील करता येतं. अपवाद दोन. पहिला किरकोळ आहे: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी नुसता १०० रुपयांपर्यंतचा दंड केला असेल, किंवा संक्षिप्त खटल्यात २०० रुपयांपर्यंतचा, तर अपील नाही [कलम ४१७ (३७६)]. दारूविक्रीच्या केसमध्ये हा अपवाद क्वचितच आडवा येतो.

दुसरा अपवाद मात्र फार लोकांना बुडवतो. गुन्हा कबूल केल्यामुळे शिक्षा झाली असेल, तर दोषी ठरवल्याबद्दल अपील करता येत नाही. शिक्षा किती आणि कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतंच करता येतं [कलम ४१६ (३७५)].

"साहेबानं इचारलं, मी हो म्हनलं जी. दंड भरून सुटतो म्हने सगडे." हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकताना पोटात गोळा येतो. कोर्टाच्या फेऱ्या, बुडालेली रोजी, तारखेला येण्याजाण्याचं भाडं, सगळ्याला कंटाळून माणूस 'हो' म्हणतो. हातात कैदेचा हुकूम पडतो, तेव्हा त्याला त्या 'हो'चा अर्थ कळतो.

अशा केसमध्ये लगेच हात टेकू नका. कबुली कशी नोंदवली आहे ते बघा. दोषारोप त्याला समजेल अशा भाषेत समजावला होता का? गडचिरोलीत कित्येकांची भाषा गोंडी किंवा माडिया आहे; दुभाषी होता का? त्या दिवशी त्याला वकील होता का? शिक्षा काय होऊ शकते हे त्याला सांगितल्याचं रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) दिसतं का? कबुलीच्या जागी नुसता छापील मजकूर आणि खाली अंगठा आहे का? समजून-उमजून, स्वखुशीने दिलेली नसेल तर ती कायद्याच्या दृष्टीने कबुलीच नव्हे, हा मुद्दा अपिलात घेता येतो. सोपा नाही, पण घेता येतो. आणि तो टिकला नाही तरी शिक्षेच्या प्रमाणाबद्दल बोलायचा दरवाजा उघडा असतोच.

मुदत: ३० दिवस, पण मोजायचे कसे

मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ११५ प्रमाणे सत्र न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस असतात. निकालाचा दिवस धरायचा नाही. प्रमाणित नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवसही वगळायचे (कलम १२).

समजा, निकाल ३ मार्च २०२५ ला लागला. नकलेचा अर्ज ४ मार्चला दिला, नक्कल १३ मार्चला तयार झाली. ४ मार्च हा पहिला दिवस धरला तर तिसावा दिवस येतो २ एप्रिल. नकलेचे ४ ते १३ मार्च असे १० दिवस वाढवले की १२ एप्रिल. तो दुसरा शनिवार, कोर्ट बंद. १३ ला रविवार, १४ ला आंबेडकर जयंती. म्हणजे १५ एप्रिलला दाखल केलेलं अपीलही मुदतीत बसतं (कलम ४). हे गणित येण्यासाठी सांगितलं, त्यावर विसंबण्यासाठी नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी अपील आत गेलेलं बरं.

कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत लगेच आणि फुकट द्यायची असते [कलम ४०४ (३६३)]. ती मागून घ्या आणि त्याच संध्याकाळी वाचायला बसा. पुराव्याच्या, पंचनाम्याच्या आणि रोजनाम्याच्या नकलांचा अर्ज मात्र वेगळा द्यावा लागतो.

मुदत टळलीच तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज. त्यात 'अपरिहार्य कारणामुळे' असं लिहू नका. काय घडलं ते तारखांनिशी लिहा: पावसात नाल्याला पूर होता, बाई बाळंत होती, धानाच्या रोवणीसाठी माणूस बाहेरगावी होता. ज्याचा कागद मिळतो त्याचा कागद जोडा, बाकीच्याचं शपथपत्र.

पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेले लोक यांना मोफत वकील मिळतो. त्यांचं उत्पन्न किती हे त्यात पाहत नाहीत. आमच्याकडच्या दारूच्या केसमधले बहुतेक आरोपी यात बसतात. तालुक्याला विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. अर्ज साध्या कागदावर चालतो. माणूस तुरुंगात असेल तर तो तिथूनही अपील देऊ शकतो. कारागृह अधीक्षक ते कोर्टाकडे पाठवतात [कलम ४२४ (३८३)].

खरं काम: रेकॉर्ड वाचणं

नव्या वकिलाचं बहुतेक वेळा इथेच चुकतं. निकालपत्र वाचून त्यातल्या वाक्यांना तो उत्तरं लिहीत बसतो. अपिलाचे मुद्दे काढायला बसाल तेव्हा निकालपत्र सगळ्यात शेवटी वाचा. आधी फिर्याद, पंचनामा, साक्षी, निशाण्या (पुराव्यात क्रमांक पडलेले कागद). दारूची केस म्हणजे एक बाटली छाप्याच्या जागेपासून नागपूरच्या प्रयोगशाळेपर्यंत कशी गेली याची हकिकत असते. त्या वाटेवर ती कुठे, कुणाच्या हातात, कोणत्या स्थितीत होती, हे प्रत्येक टप्प्याला कागदावर दिसलं पाहिजे. जिथे दिसत नाही तिथे अपील आहे.

एक कोरा कागद घ्या, उभ्या रेघा मारा आणि तारीख, वेळ, कोण, काय, निशाणी क्रमांक असे रकाने करा. मग एकेक नोंद भरत जा.

छाप्यापासून सुरू करा. खबर कधी आली, ती स्टेशन डायरीत नोंदली का, पथक किती वाजता निघालं, किती वाजता पोचलं. पंचनाम्याची वेळ आणि फिर्यादीची वेळ शेजारीशेजारी ठेवा. पंचनाम्यावर गुन्हा क्रमांक लिहिलेला दिसतोय, पण गुन्हा तर त्यानंतर दोन तासांनी दाखल झालाय, असं असेल तर तो क्रमांक पंचनाम्यावर आला कुठून, हे सरकार पक्षाने सांगायला हवं. तो नंतर लिहिला असं साक्षीदाराने प्रामाणिकपणे सांगितलं तर मुद्दा तिथेच संपतो. सांगितलंच नसेल तर पंचनामा जागेवर झाला की ठाण्यात, ही शंका उभी राहते.

मग पंच. दोन्ही पंच फितूर झाले म्हणजे केस पडली, असं समजू नका. पोलिसांची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी असेल तर तेवढ्यावरही शिक्षा टिकते. पंच त्या गावचे नव्हते एवढ्या कारणानेही काही होत नाही. दारूबंदी अधिनियमाच्या कलम ११७ च्या परंतुकातच म्हटलंय, की साक्षीदार त्या भागातले नाहीत एवढ्यावरून झडती बेकायदा ठरत नाही. पण भरवस्तीत, भर दिवसा छापा पडला, शेजारपाजारचे गोळा झाले, आणि पंच मात्र वीस किलोमीटरवरून आणलेले, तेही दरवेळचेच, हे उलटतपासात आलं असेल तर ते ठळकपणे मांडा. पोलिसांची साक्ष मग जास्त बारकाईने तपासावी लागते, एवढं तरी तुम्हाला मिळतं.

झडतीतल्या त्रुटींचंही तसंच. झडती चुकली म्हणून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. १९६३ पासून सर्वोच्च न्यायालयाचं हेच धोरण आहे. त्रुटीमुळे या माणसाकडे ती वस्तू खरंच सापडली का यावर शंका येते, असा धागा जोडून दाखवलात तरच तिचा उपयोग.

आता बाटली. वीस लिटरची प्लास्टिक कॅन सापडली, त्यातून १८० मिलीच्या बाटलीत नमुना घेतला, बाकीची दारू आणि ड्रममधला मोहाचा सडवा (गाळण्याआधी आंबवलेली मोहफुलं) जागीच नष्ट केला, हा आमच्याकडचा नेहमीचा मजकूर. इथे थांबा आणि मनात प्रश्न विचारत चला. सडव्याचा नमुना घेतला का? घेतला नसेल तर तो सडवाच होता हे कशावरून? नमुन्याची बाटली लाखेने सील केली का, सीलवर कोणता शिक्का होता, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का? सील केल्यावर तो शिक्का कुणाकडे राहिला? मुद्देमाल रजिस्टरमध्ये नोंद कोणत्या तारखेची? प्रयोगशाळेत बाटली कुणी नेली, आणि त्या शिपायाची साक्ष झाली का? जप्ती ते प्रयोगशाळा यांत किती दिवस गेले, आणि त्या दिवसांत बाटली कुठे होती? अहवालात सीलचं वर्णन काय आहे, आणि ते पंचनाम्यातल्या वर्णनाशी जुळतं का?

रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्यांची साक्ष न घेताही पुराव्यात येतो [कलम ३२९ (२९३)]. म्हणून 'विश्लेषकाला तपासलं नाही' हा मुद्दा लंगडा. त्या अहवालातली बाटली आणि या घरातून घेतलेली बाटली एकच आहे हे कुणी सिद्ध केलं, हा मुद्दा भक्कम. मुद्देमाल ठेवणारा हवालदारही साक्षीला नाही, घेऊन जाणारा शिपाईही नाही, आणि बाटली चाळीस दिवस ठाण्यात पडलेली, असं असेल तर युक्तिवादाला इथूनच सुरुवात करा.

'चव आणि वासावरून दारू असल्याची खात्री झाली' हे वाक्य जवळपास प्रत्येक पंचनाम्यात असतं. वासावरून संशय घेता येतो. पण द्रवात मद्यार्क आहे का आणि किती आहे, हे सांगायला प्रयोगशाळाच लागते.

गावसंघटनेच्या बायकांनी दारू पकडून दिलेल्या केसमध्ये आणखी एक गोष्ट बघा. खरं तर कॅन बायकांनी घरातून बाहेर आणलेली असते आणि पोलीस नंतर येतात. पंचनाम्यात मात्र पोलिसांनीच घरातून जप्त केल्याचं लिहिलेलं असतं. त्या बायकांची साक्ष घेतलेलीच नसते. सगळ्यात चांगला साक्षीदार सोडून दिल्याने सरकारची केस दुबळी होते. मला याचं वाईटच वाटतं, कारण त्या बायका कोर्टात येऊन खरं बोलायला तयार असतात.

१ जुलै २०२४ नंतरच्या छाप्यांत झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करणं बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५). ते केलं का, कोर्टापुढे आलं का, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे का, हे नव्या केसमध्ये सगळ्यात आधी बघा. चित्रीकरण तुमच्या विरुद्धही जाऊ शकतं, म्हणून मुद्दा घेण्याआधी ते स्वतः पाहून घ्या.

कलम १०३ ची भीती

सरकारी वकील हमखास म्हणतील, की दारूबंदी अधिनियमाच्या कलम १०३ प्रमाणे आरोपीविरुद्ध गृहीतक आहे, आता त्यानेच निर्दोष असल्याचं सिद्ध करावं. ते कलम शांतपणे वाचा. मादक पदार्थ किंवा तो बनवण्याची साधनं ताब्यात आहेत आणि त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण देता येत नाही, तेव्हा ते गृहीतक लागू होतं. म्हणजे वस्तू मादक पदार्थ होती आणि ती याच माणसाच्या ताब्यात होती, या दोन गोष्टी आधी सरकारनेच सिद्ध करायच्या. त्याशिवाय गृहीतक उभंच राहत नाही. आणि उभं राहिलं तरी आरोपीवरचं ओझं सरकारइतकं जड नसतं. त्याची बाजू अधिक संभाव्य वाटली तरी पुरे.

ताब्याचा प्रश्न म्हणजे घराचा प्रश्न. घर कुणाच्या नावावर आहे, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांच्या नोंदीचा उतारा) काढला का, घरात आणखी कोण राहतं, कॅन आत होती की मागच्या परसात, परसाला कुंपण होतं का? सासू, दोन दीर आणि त्यांच्या बायका ज्या घरात राहतात, तिथे दाराशी सापडलेली एकटी सून आरोपी कशी झाली, याचं उत्तर रेकॉर्डमध्ये शोधा.

दोषारोपाचे शब्दही तपासा. विकणं, बाळगणं, वाहून नेणं, बनवणं ही कायद्यात वेगवेगळी कृत्यं आहेत. दोषारोप विक्रीचा असेल तर विकत घेणारा कोण होता, बनावट ग्राहक पाठवला होता का, नोटा जप्त केल्या का? कलमाचा मजकूर आणि शिक्षा दुरुस्त्यांनी बदलत गेली आहे, म्हणून गुन्ह्याच्या तारखेला लागू असलेला मजकूर समोर ठेवून बोला. नंतर वाढवलेली शिक्षा आधीच्या गुन्ह्याला लावता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २० ते सांगतो.

केस औषधी किंवा प्रसाधनाच्या द्रव्याची असेल तर दोन जुने निकाल वाचून ठेवा. एफ. एन. बलसारा प्रकरणात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला, पण मद्यार्क असलेल्या औषधी आणि प्रसाधनद्रव्यांपुरता काही भाग रद्द केला. बेहराम खुर्शीद पेसिकाका प्रकरणात १९५४ साली ठरलं, की प्यालेलं द्रव्य त्या वगळलेल्या प्रकारातलं होतं हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर नाही.

आरोपीचा जबाब: दुर्लक्षित पण मोलाचा

कलम ३५१ (३१३) खालचा जबाब प्रश्नागणिक वाचा. शिक्षेसाठी वापरलेली प्रत्येक गोष्ट आरोपीला विचारलेली हवी. रासायनिक अहवालाबद्दल प्रश्नच नाही, असं मी पाहिलंय. न विचारलेली परिस्थिती आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात १९८४ साली स्पष्ट झालं आहे. तरी लक्षात ठेवा: अपील कोर्ट ही उणीव भरून काढायला प्रकरण परत पाठवू शकतं. म्हणून आरोपीचं त्यामुळे काय नुकसान झालं, तेही सांगायची तयारी ठेवा.

आणि पोलिसांपुढे 'माझीच दारू आहे' असं आरोपी म्हणाल्याचं पंचनाम्यात लिहिलेलं असेल, तर ते वाचून सोडून द्या; पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. कारवाई राज्य उत्पादन शुल्क विभागाची असेल तर राजाराम जयस्वाल विरुद्ध बिहार राज्य हा निकाल शोधा. त्यात बिहारच्या कायद्याखालचा अबकारी अधिकारी या कामापुरता पोलीस अधिकारीच धरला आहे.

एक मुद्दा मात्र आता जुना झाला. 'फिर्यादी आणि तपास अधिकारी एकच, म्हणून खटला रद्द' असं २०१८ च्या एका निकालावरून म्हणता यायचं. २०२० साली मुकेश सिंग प्रकरणात घटनापीठाने तो निकाल बाजूला सारला. पक्षपात झाल्याचं रेकॉर्डवरून दाखवता येत असेल तरच हा मुद्दा घ्या.

अपील मेमो

चार-पाच पानं पुरतात. वर न्यायालयाचं नाव, अपीलकर्ता, उत्तरवादी म्हणून महाराष्ट्र राज्य (पोलीस ठाण्यामार्फत), खटला क्रमांक, निकालाची तारीख, कलम आणि शिक्षा. मग थोडक्यात हकिकत, मग हरकतीचे मुद्दे, मग मागणी. सोबत निकालाची नक्कल [कलम ४२३ (३८२)], वकीलपत्र, शिक्षा स्थगितीचा अर्ज आणि लागल्यास विलंब माफीचा अर्ज. कोर्ट फी स्टॅम्प किती आणि प्रती किती, ते दाखल करण्याच्या खिडकीवर विचारा.

'निकाल न्यायाच्या तत्त्वांविरुद्ध आहे' अशी पोकळ वाक्यं पंचवीस लिहिण्यापेक्षा 'निशाणी २१ वरील सीलचं वर्णन निशाणी ३४ शी जुळत नाही' अशी पाच लिहा. पहिल्याच दिवशी न्यायाधीश तेवढं एक पान वाचतात, आणि स्थगितीचा निर्णय त्यावरून व्हायचा असतो. अपील ऐकून न घेता संक्षेपाने फेटाळायची वेळ आली, तरी आधी बाजू मांडायची वाजवी संधी द्यावी लागते [कलम ४२५ (३८४)].

मोटारसायकल किंवा पिकअप जप्त असेल तर निकालातला मुद्देमालाचा आदेश वेगळा वाचा. वाहन सरकारजमा केलं असेल तर त्यालाही स्पष्ट आव्हान द्या. पोटापाण्याचं वाहन गेलं तर घराला ते कैदेइतकंच लागतं.

तारखेपासून युक्तिवादापर्यंत

खालचं रेकॉर्ड वर आलं की पुन्हा जाऊन मूळ कागद पाहा. नकलेत न दिसणारी खाडाखोड मुळात दिसते. पक्षकाराला तारखा पाळायला सांगा, नाहीतर वॉरंट निघतं. तुमची एखादी तारीख चुकली म्हणून मात्र अपील गैरहजेरीवर फेटाळता येत नाही. बानीसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य प्रकरणात १९९६ साली ठरलं, की कोर्टाने रेकॉर्ड पाहून गुणावगुणांवरच निर्णय द्यायचा.

आरोपीने केलेल्या अपिलात शिक्षा वाढत नाही. वाढवून हवी असेल तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं. घरच्यांना ही भीती फार असते, म्हणून त्यांना हे आधीच सांगा.

युक्तिवादात पहिली दहा मिनिटं तो रकान्यांचा कागद मांडा. दोन मजबूत मुद्दे पुरतात. मग शिक्षेवर बोला, आणि तेही मोकळेपणाने: पहिलाच गुन्हा, वय, लहान मुलं, खटला किती वर्षं चालला, किती दिवस कोठडीत गेले (ते शिक्षेतून वजा होतातच), गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ (म्हणजे कैदेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका). तो लाभ अपील कोर्टही देऊ शकतं (कलम ११). मात्र लागू कलमात किमान शिक्षा असेल, तर तिच्याखाली जायला कायदा कोणत्या कारणांनी परवानगी देतो ते आधी वाचा. दंड न भरल्यास भोगायची कैदही तपासा. कलमातल्या कमाल कैदेच्या चौथ्या हिश्शापेक्षा ती जास्त असता कामा नये.

शिक्षा आठ-पंधरा दिवसांची, मग कशाला अपील, असं कुणी म्हणालं तर त्याला पुढचं सांगा. दोषसिद्धी नावावर राहते. तडीपारीच्या प्रस्तावात ती मोजली जाते. हातभट्टीवाल्यांसाठी १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा आहे, त्याच्या फाइलीतही ती लागते. मुलाच्या पोलीस भरतीच्या वेळी घरातली ही केस चर्चेला येते.

काही जण विचारतात, दारूबंदी व्हावी म्हणून ज्या जिल्ह्यातल्या बायका रस्त्यावर उतरल्या, तिथे दारू विकणाऱ्याचं अपील लढायचं कसं? मी दारूबंदीच्या बाजूची आहे. नवऱ्याच्या दारूने मोडलेली घरं मी कोर्टात रोज बघते. पण ट्रकभर देशी दारू जिल्ह्यात आणणारा आरोपीच्या पिंजऱ्यात फार कमी दिसतो, आणि मोहाची पाच लिटर गाळणारी विधवा पुन्हापुन्हा दिसते. पुरावा कच्चा असताना तिला दोषी ठरवल्याने दारूबंदी पक्की होत नाही. उलट पंचनामे कसेही लिहिले तरी चालतात, ही सवय पक्की होते, आणि तिचा फायदा शेवटी मोठा विक्रेता चांगला वकील लावून घेतो.

निकालानंतर

अपील फेटाळलं तर त्याच क्षणी उभं राहून शरण येण्यासाठी मुदत मागा. पुढची पायरी उच्च न्यायालयात फौजदारी पुनरीक्षण, आमच्यासाठी नागपूर खंडपीठात [कलम ४३८ आणि ४४२ (३९७ आणि ४०१)]. मुदत ९० दिवस. तिथे पुरावा पुन्हा तोलत नाहीत. दोन्ही कोर्टांनी पुरावा डावलला किंवा कायदा चुकीचा लावला, हे दाखवावं लागतं.

अपील मंजूर झालं तर घरी पेढे वाटण्याआधी चार कामं उरकून घ्या. जामीनकतबा (जामीनदाराने लिहून दिलेली हमी) रद्द झाल्याचा आदेश आणि जामीनदाराचे मूळ कागद परत घ्या. दंड परत मिळण्याचा अर्ज खालच्या कोर्टात द्या, सोबत भरल्याची पावती. वाहन सोडवून घ्या. आणि निकालाची प्रमाणित नक्कल पोलीस ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. ठाण्याच्या नोंदीत 'शिक्षा' हा शब्द तसाच राहिला असेल, तर पुढच्या वेळी गावात छापा पडेल तेव्हा पहिलं दार त्याच घराचं वाजतं.